किनाऱ्यावरची दोन घराणी, दोन पोरके तरुण

दिवेआगरच्या शके ९८२ (इ.स. १०६०) मधील ताम्रपटाची गणना मराठीच्या आद्य लेखांत होते. त्यात सोन्याचा व्यवहार नोंदलेला आहे; ज्यांचा तो व्यवहार, त्यांच्या घरांतील सुखदुःख अर्थातच नाही. व्यवहार नोंदवावा आणि मन वगळावे, ही आपल्या कागदपत्रांची जुनीच रीत. म्हणून याच किनाऱ्यावरून वर घाटावर गेलेल्या दोन घराण्यांतील दोन तरुणांकडे आम्हांस पुन्हा पाहावेसे वाटते. दिवेआगरजवळच्या श्रीवर्धनचे भट पेशवे झाले. बाणकोट खाडीपलीकडील वेळासचे भानू त्यांचे फडणीस.

नाना फडणीस (जन्म १७४२) चौदाव्या वर्षाच्या सुमारास पितृहीन झाले. १७६१ मध्ये पानिपतावर आईही अंतरली. तथापि नानांनी आपले आत्मवृत्त लिहिले. बालपणीची देवभक्ती, तारुण्यातील वासना, आईचा शोक हे सारे त्यात त्यांच्याच शब्दांत आले आहे. अंतर्मुख स्वभावाला लेखणीची वाट सापडली आणि कर्तृत्वालाही वाव मिळाला.

सवाई माधवरावांचे पिता नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारले गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर पुत्र जन्मला. १७७७ मध्ये आई गंगाबाईही गेली. पेशवेपद पाळण्यातच लाभले, निर्णय मात्र नानांचे राहिले. रघुनाथरावांचा पुत्र बाजीराव नात्याने चुलता, पण वयाने काही महिन्यांनी धाकटा. नजरकैदेतल्या या समवयस्काशी माधवरावांनी गुप्त पत्रव्यवहार केला व तो उघडकीस आल्यावर नाना संतापले, असे ग्रँट डफ सांगतो. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी माधवराव वाड्यात वरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी, एकविसाव्या वर्षी, निवर्तले. ती आत्महत्या की तापाच्या भरातील अपघात, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

तेव्हा या मृत्यूस एकच कारण चिकटवणे योग्य नव्हे. नारायणरावांचा वध पाहिलेल्या नानांची भीतीही निराधार नव्हती. पण पोरकेपण दोघांच्याही वाट्याला आले होते. एकाला आपल्या स्वभावाप्रमाणे वाढण्यास मोकळीक मिळाली. दुसऱ्याला मिळाला तो केवळ पहारा. तरुणाचे सुख घरातील माणसांच्या संख्येवर वा वैभवावर तितके अवलंबून नसते, जितके त्याच्या मनाला घरात मिळणाऱ्या जागेवर असते. पोरकेपणाचे दुःख शब्दांत मांडलेल्या नानांना आपल्या पोरक्या धन्याच्या बाबतीत ते उमगू नये, हीच या इतिहासातील खरी शोकांतिका होय.