मूलभूत तंत्रज्ञान (शालेय विषय)

हत्यारे, यंत्रे, माती, वीज आणि अन्न यांच्याशी प्रत्यक्ष काम करत वस्तूची आखणी, घडण आणि खर्चाचा हिशेब शिकवणारा, महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या इयत्तांसाठी चालवला जाणारा पूर्वव्यावसायिक विषय, म्हणजे नोकरीचे कौशल्य देण्याआधी कामाची सर्वांगीण ओळख करून देणारा विषय. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी असलेल्या विज्ञान आश्रमात त्याची घडण झाली.

हस्तकामाला शाळेत स्थान देण्याचा विचार जुना आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ मध्ये लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकाम आले. स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमोन यांनी लाकूडकामाच्या चढत्या क्रमाच्या नमुन्यांतून ‘स्लॉइड’ ही पद्धत बांधली. भारतात १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक उद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचवला, परंतु बहुतेक शाळांत तो वेळापत्रकातील एका तासिकेपुरता उरला. ज्या वस्तूची कोणालाच गरज नाही, ती गुणांसाठी करून कपाटात ठेवण्याची सवय त्यातून लागली आणि मूळ विचाराची त्यात मोठी हानी झाली.

या पार्श्वभूमीवर डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांचे काम महत्त्वाचे ठरते. अमेरिकेत अन्न तंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षे काम केलेल्या कलबागांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस हाताने काम करताना नैसर्गिकपणे शिकतो आणि ती रीत शाळेत आणली तर विज्ञान व गणितही त्याच ओघात पक्के होतात, अशी त्यांची धारणा होती. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे विषयाचे चार विभाग असून ते मुलामुलींना सारखेच शिकावे लागतात. त्यामुळे मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे पदार्थ टिकवण्याच्या कृती शिकतात. साधारणपणे आठवड्यातील एक दिवस या कामाला दिला जातो, आणि शिकवणारे निदेशक शक्यतो परिसरातील, त्या त्या कामाचा सराव असलेले असतात.

अभियांत्रिकी विभागातील लोखंडी स्टूल हे साधे उदाहरण घेतले तरी या शिक्षणातील आशय दिसतो. २५ × २५ × ३ मिमी मापाच्या लोखंडी अँगलचे वजन मीटरला सुमारे १.१ किलो भरते; ३०० मिमी बाजूच्या दोन चौकटी आणि ४५० मिमीचे चार पाय धरल्यास सुमारे ४.२ मीटर, म्हणजे ४.६ किलो लोखंड लागते, आणि लोखंड किलोच्या भावाने मिळत असल्याने विद्यार्थ्याला लांबी, वजन व भाव यांची सांगड स्वतः घालावी लागते. त्यात कापण्यातील घट, वेल्डिंग रॉड, रंग, वीज आणि मजुरी मिळवली की वस्तूची किंमत हाती येते. गुण्याने, म्हणजे काटकोन तपासण्याच्या हत्याराने, खुणा करून हॅकसॉने तुकडे कापले जातात आणि कानशीने कडा साफ केल्या जातात. त्यानंतर चौकट एकदम पक्की न जोडता कोपऱ्यांवर आधी ‘टॅक’, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते ठिपके, दिले जातात, कारण तापलेले लोखंड निवताना आकसते व चौकट ओढली जाते. या टप्प्यावर दोन्ही कर्ण मोजतात. ते ४२४ मिमीच्या आसपास आणि परस्परांशी समान आले तरच पुढचे वेल्डिंग होते. पायथागोरसचा सिद्धान्त येथे चूक पकडण्याचे साधन होतो, आणि फळ्यावर तो क्वचितच इतका उपयोगी पडतो.

मात्र नमुना बरहुकूम उतरवण्यात आखणीचे शिक्षण पूर्ण होत नाही, आणि कलबागांच्या पद्धतीचे वेगळेपण इथेच आहे. विद्यार्थी गावाला ‘समाजोपयोगी सेवा’ देतात: घरातील वायरिंगची दुरुस्ती, शाळेच्या बाकांची डागडुजी, माती किंवा रक्तगट तपासणी अशी कामे ते निदेशकाच्या देखरेखीखाली करतात. वापरणारा माणूस समोर असला की उंची किती असावी, पाय डगमगतो का, अणकुचीदार कोपरा मुलाला लागेल का, हे प्रश्न वहीत न राहता कामात उतरतात. आश्रमात विकसित झालेला, त्रिकोणी चौकटींचा पाबळ घुमट आणि जुन्या जीपच्या सुट्या भागांतून तयार केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर याच वृत्तीची फळे होत. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांवर नमुना घडवून पाहण्याची प्रयोगशाळा, सुरू झाली. त्यामुळे चित्र ते वस्तू हे अंतर आणखी घटले.

विषयाचा प्रसार इतर राज्यांतील शाळांपर्यंत झाला असून लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेचा त्यात वाटा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून व्यावसायिक कामाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा ‘दप्तरविना दिवस’ सुचवले आहेत. दहा दिवसांत ओळख होते. हात बसण्यासाठी मात्र दर आठवड्याचा सराव, कच्च्या मालाची नियमित तरतूद आणि सुरक्षेकडे लक्ष देऊ शकेल इतकी लहान तुकडी लागते. वेल्डिंगचा पडदा, हातमोजे आणि वीजजोडणीचे अर्थिंग यांची व्यवस्था नसलेल्या खोलीत कार्यशाळा सुरूच करता येत नाही, आणि अनेक शाळांची अडचण आजही याच पहिल्या पायरीवर आहे.