अंबाडीची कुंडी आणि गांजाचा तुरा

गेल्या श्रावणात आमच्या वाकडच्या सोसायटीत एका कुंडीवरून गहजब झाला. कुंडी माझ्या फुफीची. लातूरकडून येताना तिने पदराच्या गाठीत अंबाडीचं बी आणलं होतं, ते गॅलरीत टाकलं. रोपं गुडघाभर झाली आणि समोरच्या विंगमधून कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली प्रश्न, ‘हे काय लावलंय?’ दुसऱ्याचं उत्तर, ‘गांजा.’ तिसऱ्याचा सल्ला, ‘पोलिसांना कळवा.’

अर्ध्या तासात चेअरमन दोघांना घेऊन दारात उभे राहिले. फुफीने एक पान खुडून त्यांच्या हातावर ठेवलं. ‘खाऊन बघा बाबा, आंबट लागतंय का.’ त्यांनी खाल्लं, हसले आणि गेले. संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ आली, ‘गैरसमज दूर झाला.’ गैरसमज कुणाचा आणि कुणाबद्दल, ते कुणी लिहिलं नाही. हीच कुंडी दुसऱ्या एखाद्या गॅलरीत असती तर ‘काकू, ही कसली भाजी?’ एवढंच विचारलं गेलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

फोटोवाल्याला मात्र मी पूर्ण दोष देत नाही. लिनियसने १७५३ साली भांगेच्या झाडाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिलं आणि काही वर्षांनी अंबाडीला ‘हिबिस्कस कॅनाबिनस’. म्हणजे भांगेसारखी दिसणारी जास्वंद. हातात घेतलं की फरक कळतो. भांगेची पानं बोटांसारखी देठापर्यंत सुटी असतात, अंबाडीची बोटं तळाशी जोडलेली. अंबाडीच्या दांड्यावर बारीक काटे असतात. दख्खनच्या शेतांत ज्वारी-बाजरीच्या कडेने अंबाडीची ओळ असायचीच. भाजी पानांची, दोर तिच्या वाखाचा. वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेतं गेली आणि ती ओळखणारी नजरही गेली.

पण गांजा पानात नसतोच. तो फुलात असतो, तेही मादी झाडाच्या. आणि ते फूल कधी तयार झालं हे ओळखणं हा एके काळी आपल्या देशात पोटापाण्याचा धंदा होता.

१८९३ साली ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांजाच्या लोकांवरील परिणामांबद्दल प्रश्न विचारला गेला. त्यावर सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमानी होते. कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. डॉक्टर, मामलेदार, फकीर, बैरागी, व्यापारी, शेतकरी, सगळ्यांचं म्हणणं त्यात आहे. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात होती, मध्य प्रांतात खांडव्याकडे आणि बंगालमध्ये राजशाहीच्या नौगाव भागात.

नौगावचं वर्णन सर्वांत बारकाईचं आहे. तिथे ‘पोद्दार’ नावाचा माणूस मजुरीवर बोलावला जाई. पीक फुलावर येण्याच्या बेतात असताना तो शेतातून फिरे आणि नर झाडं उपटून टाके. नर फुलल्यावर कुणालाही ओळखता येतो, पण तोवर पराग उडालेला असतो. मादीला बी धरलं की तिची ताकद बियांत जाते, राळ कमी होते आणि मालाचा भाव पडतो. म्हणून फूल उमलायच्या आत ओळखणारा पोद्दार मोलाचा.

पुढचा प्रश्न कापणीचा. झाडाची खूण सगळीकडे एकच. कोवळ्या तुऱ्यातले पांढरे केस सुकून तांबूस होतात, खालची पानं पिवळी पडून गळतात, तुऱ्याला हात लावला तर बोटं चिकटतात. आज भिंगाखाली राळेचे थेंब पारदर्शकाचे दुधी आणि दुधीचे सोनेरी होताना दिसतात. शेतकऱ्याकडे भिंग नव्हतं, बोटं होती. नौगावात माघाच्या सुमारास कापणी होई, मग तुरे उन्हात घालून पायांनी तुडवत. तुडवलेला तो चपटा गांजा, वळलेला तो गोल, उरलेला तो चुरा.

ही सगळी माहिती सरकारने वनस्पतिशास्त्राच्या प्रेमापोटी जमवली नाही. कर लावायचा तर पीक कधी तयार होतं, किती होतं आणि कुठल्या गोदामात जातं हे कळायला हवं. म्हणून शेतकऱ्याच्या बोटांतलं ज्ञान कागदावर उतरलं. कमिशनचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही. बंदी नको. कर आणि परवाना हवा.

आपल्याकडच्या तकियांत आणि मठांत चिलीम फिरत होतीच. त्याही आधी, तेराव्या शतकात, इब्न अल-बैतार या वनस्पतितज्ज्ञाने इजिप्तमध्ये बागांत लावलेली हिंदी भांग पाहिली. तिथे तिला ‘हशीशा’ म्हणत. अरबीत हशीश म्हणजे नुसतं गवत. इब्न तैमियांसारख्या उलेमांनी तिला हराम ठरवलं, फकीर ओढत राहिले. वाद सेवनाचा होता. गॅलरीतल्या पानावरून माणूस ओळखायची पद्धत तेव्हाही नव्हती.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि १९८५ चा एनडीपीएस कायदा. त्याची व्याख्या वाचताना मला तो पोद्दार आठवतो. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. सोबत शेंडे नसतील तर पानं आणि बी वगळलेलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना याच मुद्द्यावर बोट ठेवलं. जप्त मालात फुलोरा असल्याची नोंदच नव्हती. लागवडीला मात्र ही सूट नाही. कुंडीत एकच झाड असलं, फुललेलं नसलं, तरी परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. म्हणूनच ग्रुपवरचा एक शब्द फुफीला महागात पडू शकला असता.

२०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. बाकी कुठल्या पिकाला भाव नाही, हे त्याचं कारण. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार मानला. नगरच्या शेतकऱ्याने एके काळी सरकारच्या नजरेखाली घेतलेलं पीक सव्वाशे वर्षांनी नुसतं मागणंही थट्टेचा विषय झालं.

अंबाडीचं गणित गांजाच्या उलट आहे. भाजी फूल यायच्या आत खुडायची. फुफीने एक झाड बियाण्यासाठी राखलं. दिवाळीनंतर त्याला फूल आलं, पिवळं, मधोमध गर्द लाल. त्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘अंबाडी. बी हवं असेल तर सांगा.’ तीन घरांतून मागणी आली. एक चेअरमनांची होती. फोटो काढणाऱ्याची अजून आलेली नाही.