खर्जाचा प्रवास : संबळापासून सबवूफरपर्यंत

प्रस्तुत टिपणाचं निमित्त अगदी घरगुती आहे. गोंधळ, भजन, बीरप्पाची डोळ्ळूवरची गाणी पारावर लोकांना ऐकवायची आणि जमेल तशी ध्वनिमुद्रित करून ठेवायची, त्यासाठी एक लहान साऊंड सेट घ्यायचा, असा विषय करजगीतल्या आमच्या बैठकीत निघाला. माईक, मिक्सर आणि दोन 'टॉप' यांवर लगेच एकमत झालं. गाडी अडली ती सबवूफरवर. पोरं म्हणाली, घ्यायचेच तर अठरा इंची दोन घ्या. म्हातारी मंडळी म्हणाली, सबच नको, डीजेनं आधीच जीव नकोसा केलाय. शेवटी काम माझ्या गळ्यात पडलं : "तू जरा मागचं-पुढचं बघून सांग." मागचं बघताना हाती आलं ते इथं मांडतो.

कर्णा येण्याआधी

करजगी अफझलपूर तालुक्यातली. पंढरपुराहून वाहत येणारी भीमा याच तालुक्यातून गाणगापूरच्या अमरजा संगमाकडं जाते. १९४८ पर्यंत गुलबर्गा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात आला आणि २०१४ पासून त्याचं नाव कलबुरगी झालं. राज्यं बदलली, पण वाद्यांनी सीमा कधी मानली नाही. तुळजाभवानीच्या गोंधळाचा संबळ, वारकऱ्यांचा पखवाज आणि कुरुब-धनगरांचा डोळ्ळू ही तिन्ही वाद्यं इथं शेजारी-शेजारी वाजत आली.

या वाद्यांत खर्जाची सोय किती विचारानं केली आहे बघा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक लावतात, म्हणजे कातड्याला वजन येऊन स्वर खाली उतरतो. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी लावायची. संबळात दोन भांडी, एक उंच आवाजाचं आणि एक घुमणारं. डोळ्ळू तर गळ्यात अडकवून, अंगाला लागूनच वाजवतात. म्हणजे खर्ज होता, पण तो माणसाच्या बळाएवढाच होता. वाजवणारा दमला की तोही थांबायचा. पार ओलांडून दोन गल्ल्या पुढं गेलं की आवाज विरायचा. ज्याला ऐकायचं तो जवळ येऊन बसायचा.

भोंग्याची राजवट

पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९१५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी कर्ण्यातून जाहीर जनसमुदायाला संगीत आणि भाषण ऐकवलं. ती या यंत्राची मोठी सुरुवात मानतात. आपल्याकडं १९४० साली दिल्लीत अहुजा कंपनी सुरू झाली आणि पुढं खेड्यापाड्यांत माईक म्हणजे अहुजा असं समीकरणच झालं. लग्न असो, जत्रा असो की निवडणूक, लिंबाच्या झाडाला बांधलेला भोंगा आणि खाली बॅटरीवर चालणारं मशीन हे चित्र माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय.

भोंग्यानं आवाज लांब नेला, पण निवडून नेला. याचं कारण लाटेच्या लांबीत आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनीची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. ती नीट बाहेर काढायला कर्ण्याचं तोंडही तितकंच मोठं लागतं. झाडावरच्या दीड-दोन फुटी भोंग्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही. माणसाचं बोलणं समजायला एवढं पुरतं, म्हणून भाषणाला तो उत्तम. पण पखवाजाची कणीक लावलेली बाजू, संबळाचं मोठं भांडं, डोळ्ळूचा घुमारा हे सगळं त्या रेषेच्या खाली राहतं. वरचे अनुनाद ऐकून कान खालचा स्वर मनातल्या मनात भरून काढतो खरा, पण छातीला काही जाणवत नाही. पाराजवळ बसलेल्यांना पूर्ण पखवाज ऐकू यायचा, भोंग्याखालच्यांना नुसती टकटक आणि टाळ. पन्नासेक वर्षं गावातल्या बहुतेकांनी आपली वाद्यं अशी अर्धीच ऐकली, हे मला या शोधात पहिल्यांदा उमगलं.

पेटी आली, आणि माती पडली

खर्ज परत आला तो पेटीतून. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा, फिरत्या कॉइलचा स्पीकर मांडला. आजचा वूफर त्याच घराण्यातला. पेटी किती मोठी करायची आणि तिला भोक केवढं ठेवायचं, हे बराच काळ अंदाजानंच चालायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीएल यांनी १९६१ मध्ये आणि पुढं रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात त्याचं गणित बसवून दिलं. १९७४ च्या 'अर्थक्वेक' या हॉलिवूडपटासाठी थिएटरांत मुद्दाम मोठे बेस स्पीकर बसवून भूकंपाची थरथर प्रेक्षकांच्या अंगात उतरवली गेली. ऐकण्याचा आवाज आणि जाणवण्याचा आवाज यांतला फरक तेव्हा बाजारात विकायला आला म्हणा ना.

आपल्याकडं तो डीजेच्या रूपानं आला. आमच्या गल्लीत अजून माळवदाची घरं आहेत. तुळया जुन्या, वर पांढरी माती. एका वरातीत पेट्यांची भिंत लावलेली गाडी आमच्या दारात थांबली, तेव्हा माळवदाची माती ताटात पडलेली मी स्वतः पाहिलीय. आजीनं ताट उचललं आणि आतल्या खोलीत गेली. आतल्या खोलीतही तेच. खर्जाला भिंत अडवत नाही.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात ते आणखी पक्के केले. पण यात एक बारीक गोम आहे. ही मोजणी 'ए' पद्धतीनं होते, म्हणजे मीटर खर्जाला कमी लेखतो. ६३ हर्ट्झला तो सुमारे २६ डेसिबल वजा करतो. मीटरवर ७५ दिसत असताना खरा खर्ज १०० च्या घरात असू शकतो. माती पडते आणि कागदावर सगळं बरोबर असतं, ते यामुळं.

मग आम्ही काय निवडलं

म्हाताऱ्यांची भीती खरी होती, पण सब अजिबात नको म्हटलं तर आपण परत भोंग्याच्या काळात जातो. पोरांना मी एवढंच विचारलं, आपल्याला वाजवायचंय काय? संबळ, पखवाज आणि डोळ्ळू आम्ही रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर पाहिले. त्यांचा गाभा साधारण ६० ते १५० हर्ट्झमध्ये निघाला, त्याखाली फारसं काही नाही. अठरा इंचीचा खरा फायदा ३० ते ४५ हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ती गरज डीजेच्या यांत्रिक ठेक्याची. दीडशे-दोनशे माणसांच्या पारासाठी पंधरा इंची एक सब पुरेसा, असं ठरलं.

कॅटलॉग वाचताना दोन आकड्यांनी फसायला होतं. एक म्हणजे 'पीक' वॅट. तो सतत पेलायच्या वॅटपेक्षा दुप्पट-चौपट फुगवलेला असतो. दुसरा म्हणजे सब किती खाली उतरतो तो आकडा. आवाज ३ डेसिबल पडेपर्यंतचा धरलाय की १०, हे विचारलंच पाहिजे. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनंच वाढतो. पुढंमागं दुसरा सब घेतलाच तर तो पहिल्याला चिकटून ठेवायचा, मग सुमारे ६ डेसिबल मिळतात. दोन कोपऱ्यांत एकेक ठेवला तर मध्ये दणका आणि बाजूला खड्डे पडतात.

जागेचा प्रश्न उरला. सब भिंतीला टेकवला तर फुकटात जोर मिळतो, पण पारामागची भिंत जुनी, मातीत बांधलेली. तिथून मीटरभर पुढं घेतला तर भिंतीवरून परतलेली लाट ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाऊन टाकते, म्हणजे नेमका पखवाजच. हिशेब करून आम्ही तो सात फुटांवर ठेवला. तिथं खड्डा ४० ला पडतो, जो आम्हाला लागतच नाही, आणि ८० ला उलट आधार मिळतो. गायकाचा माईक सबमध्ये सोडायचाच नाही, फक्त खर्जाच्या वाद्यांचे सोडायचे, आणि ४० च्या खालचं फिल्टरनं कापायचं, हेही ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी पखवाजवाल्या काकांनी कणीक लावली, एक थाप दिली आणि सगळ्यात मागं बसलेल्या आपल्या नातवाला हाक मारून विचारलं, "आलं का रे तिथपर्यंत?" तो म्हणाला, "आलं, आज्जा." मी उठून आमच्या घरी गेलो. आजी जेवत होती. ताटात माती नव्हती.