अनावर रुग्ण : रुग्णवाहिकेतील हाताळणी व निर्बंधन

आजार, विषबाधा, नशा किंवा डोक्याला मार यांमुळे भान हरपून झटापट, मारहाण वा पळापळ करणाऱ्या रुग्णाला कोणालाही इजा न होऊ देता रुग्णालयात पोचवण्याची पद्धती. बोलून शांत करणे, हातपाय बांधणे (शारीरिक निर्बंधन) आणि औषध देणे (रासायनिक निर्बंधन) ही तिची तीन अंगे. निर्बंधन हा वैद्यकीय उपचार आहे. त्यामुळे इतर कोणत्याही उपचाराप्रमाणे त्यालाही कारण, मात्रा, देखरेख आणि नोंद लागते.

कारणे : अनावर रुग्ण मनोरुग्णच असेल असे गृहीत धरणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रक्तातील साखर उतरणे, प्राणवायू कमी पडणे, मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर, मेंदूचा हिवताप, उष्माघात, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, दारू अचानक सुटल्याने होणारा कंप व भ्रम, धोतऱ्याची बाधा, जलद्वेष अशी कारणांची यादी लांब आहे. म्हणून हात लावता येताच बोटाला सुई टोचून साखर आणि बोटावरच्या यंत्राने प्राणवायू पाहणे हे पहिले काम. साखर उतरलेली असेल तर शिरेतून २५ टक्के ग्लुकोजचे १०० मिलि. दिल्यावर थोड्या वेळापूर्वी लाथा झाडणारा रुग्ण बहुधा काही मिनिटांत उठून बसतो आणि आपण कुठे आहोत असे विचारतो. अशा रुग्णाला बांधून नुसते झोपवले, तर मेंदूची कायमची हानी होऊ शकते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका कारणाकडे विशेष लक्ष हवे. कीटकनाशक (ऑर्गॅनोफॉस्फेट) प्यालेल्या रुग्णाला ॲट्रोपीन दिले जाते आणि मग ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात हलवले जाते. ॲट्रोपीनची मात्रा जास्त झाली, तर वाटेतच त्याला भ्रम होतो. तो हवेतले धागे वेचल्यासारखी बोटे हलवतो, चादर ओढतो, सलाईनची सुई उपसतो. बाहुल्या विस्फारलेल्या, कातडी कोरडी व तापलेली, पोट निःशब्द. घाम बंद झालेला असल्याने बांधलेल्या अवस्थेत झगडत राहिल्यास त्याच्या शरीराचे तापमान वाढत जाते, आणि उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी पट्टे आवळण्याऐवजी ॲट्रोपीन थांबवणे, अंग ओले करून वारा घालणे आणि डायझेपाम देणे हे उपचार होत.

बोलून शांत करणे : अमेरिकेतील तातडीच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘प्रोजेक्ट बीटा’ या नावाने २०१२ मध्ये याविषयीचे सर्वसंमत निवेदन प्रसिद्ध केले. रुग्णापासून दोन हात अंतर ठेवावे, एकानेच बोलावे, वाक्ये छोटी ठेवावीत, त्याला काय हवे आहे ते विचारावे, दाराची वाट त्याच्यासाठी व स्वतःसाठीही मोकळी ठेवावी, हे त्याचे सार. मराठी घरात याला एक जोड द्यावी लागते : भोवती जमलेल्या नातेवाइकांपैकी रुग्ण ज्याचे ऐकतो अशी एक व्यक्ती जवळ ठेवून बाकीच्यांना बाहेर पाठवणे.

शारीरिक निर्बंधन : आदर्श पथक पाच जणांचे असते. प्रत्येक हातापायाला एक आणि डोक्याशी एक. डोक्याशी असणारा श्वासावर लक्ष ठेवतो आणि रुग्णाशी सतत बोलत राहतो. रुग्णाला उताणा, डोके थोडे उंच करून, किंवा कुशीवर ठेवतात. एक हात डोक्याच्या बाजूला वर आणि दुसरा कमरेशी खाली बांधल्यास त्याला उसळी मारता येत नाही. मऊ, रुंद पट्टे स्ट्रेचरच्या पक्क्या चौकटीला बांधावेत. वरखाली होणाऱ्या कठड्याला बांधल्यास कठडा हलताच मनगट पिरगळते. गाठ सुरगाठच हवी. उलटी झाली किंवा हृदय थांबले, तर एका ओढीत ती सुटली पाहिजे. निरगाठ सोडवण्यात जाणारा वेळ रुग्णाकडे नसतो. पट्ट्याखाली बोट जाते का, पंजा गरम आहे का, नाडी लागते का, हे दर काही मिनिटांनी पाहतात. पोलिसांनी बेडी घातली असेल, तर किल्ली जवळ असलेला पोलीस रुग्णवाहिकेतच बसला पाहिजे.

पालथे झोपवून बांधणे, हातपाय पाठीमागे एकत्र बांधणे, दोन फळ्यांच्या मध्ये दाबणे आणि पाठीवर वा छातीवर बसणे पूर्णतः वर्ज्य आहे. अमेरिकेतील आपत्कालीन सेवेच्या डॉक्टरांच्या संघटनेची (नॅशनल असोसिएशन ऑफ ईएमएस फिजिशियन्स) भूमिकाही हीच आहे. पालथ्या स्थितीनेच श्वास कोंडतो की नाही याविषयी मतभेद आहेत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन डिएगो येथील प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांमध्ये लक्षणीय बिघाड आढळला नाही. परंतु ते स्वयंसेवक भ्रमिष्ट नव्हते, जिवाच्या आकांताने झगडत नव्हते आणि त्यांच्या पाठीवर कोणी बसलेले नव्हते. झगडताना स्नायूंत आम्ल साठते आणि जोराने श्वास घेऊनच शरीर ते सावरते. नेमका तोच श्वास अडवला की हृदय अचानक थांबू शकते. झगडणारा रुग्ण एकाएकी गप्प झाला, तर तो शांत झाला असे न मानता आधी त्याचा श्वास पाहावा.

रासायनिक निर्बंधन : या विषयावरील उत्तम पुराव्यांपैकी काही भारतातून आले आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००४) स्नायूतून दिलेले लोराझेपाम आणि हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन यांची तुलना केली गेली. चार तासांनी दोन्ही गटांतील जवळजवळ सर्व रुग्ण शांत होते, मात्र जोडऔषधाचा परिणाम लवकर दिसला. तेथेच ३०० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत (२००७) ओलांझापीनही तितकेच वेगवान ठरले, पण त्या गटात पुन्हा औषध देण्याची गरज जास्त पडली. रिओ द जानेरोमधील चाचणीने मिडाझोलाम या जोडऔषधापेक्षा अधिक वेगवान ठरवले. त्या गटात एका रुग्णाचा श्वास मंदावला. नुसते हॅलोपेरिडॉल दिल्यास मान व जबडा आखडण्याचा धोका वाढतो, म्हणून प्रोमेथाझिनची जोड. ही औषधे स्वस्त आहेत. महाराष्ट्रातील प्रत्येक रुग्णवाहिकेत ती असावीत आणि त्यांचे प्रशिक्षण दिले जावे.

केटामीन सर्वांत जलद काम करते, पण मात्रा वजनावर ठरते. अमेरिकेतील ऑरोरा (कोलोरॅडो) येथे ऑगस्ट २०१९ मध्ये पोलिसांनी मान आवळून धरलेल्या एलायजा मॅक्लेन या २३ वर्षांच्या तरुणाला रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी ५०० मिग्रॅ. केटामीन टोचले. त्याचे वजन सुमारे ६५ किग्रॅ. होते, अंदाज मात्र बराच जास्त केला गेला होता. तो वाचला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन कर्मचारी दोषी ठरले. अशा घटनांत वापरले जाणारे ‘एक्सायटेड डेलिरियम’ हे निदान अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये नाकारले.

इतिहास : जॉन कॉनॉली यांनी १८३९ मध्ये हॅनवेल (इंग्लंड) येथील मनोरुग्णालयात यांत्रिक निर्बंधन बंद केले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले.

महाराष्ट्र : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. गाडीत एक डॉक्टर व एक चालक असतो. पाच जणांचे पथक कागदावरच राहते. उरलेले हात नातेवाईक, शेजारी वा पोलिसांचे असतात, आणि छातीवर गुडघा बहुधा त्यांच्यापैकीच कोणी तरी ठेवतो. म्हणून कोणी काय धरायचे आणि काय धरायचे नाही, हे डॉक्टरने हात लावण्यापूर्वी मोठ्याने सांगितले पाहिजे. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे.

कायदा : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. कलम ९७ नुसार तात्कालिक इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या मान्यतेने आणि आवश्यक तेवढाच वेळ निर्बंधन करता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते करता येत नाही. कलम ९४ प्रमाणे रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेत नेणे हे तातडीच्या उपचारांतच मोडते. धावत्या रुग्णवाहिकेत मनोविकारतज्ज्ञ नसतो. तेथील डॉक्टरने कारण, वेळ, शरीराची स्थिती, श्वास, नाडी, औषधाची मात्रा आणि सोडल्याची वेळ लिहून ठेवावी. पुढे प्रश्न उभा राहिल्यास रुग्णाला आणि डॉक्टरला त्या नोंदीचाच आधार असतो.