शिवेचा दगड : उम्मा आणि लगाश

नदीकाठच्या आद्य संस्कृतींविषयी लिहिणारे बहुधा मंदिरे, राजवाडे आणि थडगी यांपासून आरंभ करतात. आमची उभी हयात राज्य शासनाच्या महसूल खात्यात, मोजणीच्या नकाशांत आणि बांधाच्या तंट्यांत गेली. त्यामुळे सुमेरचा इतिहास वाचताना आमची दृष्टी एका शिवेच्या दगडावर खिळून राहिली. तो कोणी रोवला, कोणी उखडला आणि त्यापायी दोन शेजारी नगरे दीड-दोन शतके कशी झुंजली, ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. सीमाभागात पिढ्या घालवलेल्या आपल्या मंडळींस ती परकी वाटू नये.

तैग्रिस व युफ्रेटिस यांच्या दुआबात, आजच्या दक्षिण इराकमध्ये, पाऊस जवळजवळ नाहीच. नदीचे पाणी पाटाने शेतात आणावे तेव्हा जव पिकणार. तेथे उम्मा आणि लगाश ही दोन राज्ये होती. उम्मापासून लगाशचे गिरसू हे मुख्य नगर तीसेक किलोमीटरांवर. उम्मा पाटाच्या वरच्या अंगाला, लगाश खालच्या. एवढे सांगितले की पुढले बरेचसे जाणत्या शेतकऱ्यास आपोआप कळते. दोहोंच्या मध्ये गुएदेना नावाचा सुपीक पट्टा होता.

सुमेरी समजुतीप्रमाणे जमीन राजाची नव्हती, देवाची होती. लगाशचा धनी निनगिरसू, उम्माचा शारा. राज्यकर्ता हा देवाचा कारभारी. आपल्याकडील देवस्थान इनामाचे वहिवाटदार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही कल्पना चटकन उमगेल. म्हणूनच हा तंटा दोन राजांचा न राहता दोन देवांचा ठरला, आणि देवांच्या तंट्यात तडजोड करणे कारभाऱ्याच्या हाती फारसे राहत नाही.

इ.स.पू. २६०० ते २५५० च्या सुमारास किशचा राजा मेसिलिम याने लवाद म्हणून हद्द मोजली आणि दगड उभा केला. मूळ निवाडा देवाधिदेव एनलिलचा, मोजणी मेसिलिमची, अशी त्या काळची भाषा आहे. पुढे उम्माच्या उश नावाच्या राज्यकर्त्याने तो दगड उखडला व लगाशच्या शिवारात पाऊल टाकले. इ.स.पू. २४५० च्या सुमारास लगाशच्या एआन्नातुमने उम्माचा पराभव करून जुना दगड पुन्हा बसवला, हद्दीवर चर खणला आणि उम्माच्या बाजूस एक पट्टा मोकळा सोडला. त्याच्या विजयाची शिळा फ्रेंच अधिकारी एर्नेस्ट द सार्झेक यांना गिरसूच्या उत्खननात तुकड्या-तुकड्यांनी मिळाली. ती आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तिच्यावर निनगिरसूने शत्रूंना जाळ्यात कोंडले आहे आणि गिधाडे मुंडकी घेऊन उडत आहेत.

पण आमच्या मते खरी गोष्ट शिळेवरच्या गिधाडांत नाही, ती जवाच्या हिशेबात आहे. तंट्यातील शेते उम्माच्या लोकांनी कसावी व त्याबद्दल जव द्यावा, थकल्यास व्याज, असे ठरले होते. व्याज चढत गेले आणि थकबाकीचा आकडा असा फुगला की तेवढे धान्य साऱ्या सुमेरमध्ये पिकले नसते. मग उम्माच्या उर-लुम्माने हद्दीच्या चरातले पाणी वळवले, दगड फोडले. लढाईत तो हरला. त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या इल याने थोडासा जव भरला आणि पाणी पुन्हा अडवले.

हे सारे आपल्याला कळते ते मुख्यतः एआन्नातुमचा पुतण्या एनमेतेना याने इ.स.पू. २४०० च्या सुमारास कोरवलेल्या मातीच्या शंकूवरून. शंकू लगाशचा, कैफियतही लगाशची. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये शतकाहून अधिक काळ पडून असलेला याच हद्दीचा एक स्तंभ २०१८ च्या सुमारास नीट वाचला गेला. त्यात लेखनिकाने आपल्या देवाचे नाव सुबक कोरले आहे, शत्रूच्या देवाचे मुद्दाम गिचमिड. उम्माच्या बाजूचे फार थोडे हाती लागले आहे. तिच्या गिशाकिदू या राज्यकर्त्याचा हद्दीची अंतरे सांगणारा एक लेख आहे, आणि त्यातही साक्ष काढली आहे ती इश्तारान या न्यायदेवतेचीच, जिच्या आज्ञेने मेसिलिमने दोरी धरली होती.

नोकरीच्या आरंभी एका बांधाच्या प्रकरणात आम्ही एकाच बाजूचे चोख कागद वाचून मनोमन निकाल करून टाकला होता. जागेवर गेलो तेव्हा दिसले की ओढ्यानेच पात्र बदलले होते आणि दोन्ही शेतकरी आपापल्या परीने खरे बोलत होते. एनमेतेनाचा शंकू वाचताना तो ओढा आठवल्यावाचून राहत नाही.

वरच्या शेजाऱ्याच्या मर्जीतून सुटण्यासाठी एनमेतेनाने थेट तैग्रिसपासून मोठा कालवा आणला. पाणी भरपूर झाले. परंतु थॉर्किल्ड जेकबसन व रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली असे मांडले की याच मुबलक पाण्याने भूजल वर आले व जमिनी खारावल्या. क्षार न सोसणारा गहू मागे पडत गेला आणि जव तेवढा उरला. पुढील संशोधकांनी यावर आक्षेप घेतले आहेत. तरी कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातील क्षारपड जमिनी पाहिलेल्या माणसाला हे अनुमान सहजी टाकवत नाही.

इ.स.पू. २३५० च्या सुमारास लगाशमध्ये उरुकागिना सत्तेवर आला. त्याने कारभाऱ्यांची लूट थांबवली. पूर्वी प्रेत पुरताना सात घागरी बिअर व ४२० भाकऱ्या द्याव्या लागत. त्याने त्या तीन घागरी व ८० भाकऱ्यांवर आणल्या. विधवा व पोरक्यांना बलवंताच्या हाती देणार नाही, असे त्याने निनगिरसूला वचन दिले. इतके करूनही त्याचे राज्य टिकले नाही. उम्माच्या लुगालझागेसीने लगाशची देवळे जाळली आणि जव उपटून नेला. त्या नासधुशीची यादी करणारी एक मृत्पट्टिका उरली आहे. पाप उरुकागिनाचे नाही, ते लुगालझागेसीच्या देवतेने आपल्या मानेवर वाहावे, असे तिच्या शेवटी लिहिले आहे.

लुगालझागेसीलाही ती जीत फार काळ पचली नाही. अक्कदच्या सारगोनने त्याला हरवून, मान खोड्यात अडकवून, निप्पूरला एनलिलच्या दारात नेले. मेलुह्हाची, म्हणजे बहुधा आपल्या सिंधुखोऱ्याची, जहाजे अक्कदच्या धक्क्याला लागतात असे अभिमानाने सांगणारा सारगोन तो हाच. उम्मा, लगाश आणि मधला गुएदेना तिन्ही त्याच्या एकाच राज्यात गेले.