तिकिटाची खिडकी आणि मांडवाबाहेरचा श्रोता

गाणे ऐकावयाचे तर तिकीट काढले पाहिजे, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही एक इतिहास आहे याचे सहसा स्मरण होत नाही. हा इतिहास एकाच गावात पाहावयाचा, तर बंगळूरसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

या गावाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांच्या कवींनी गजबजलेला दरबार दिसतो. अशा दरबारात कलेचे मोल देणारा धनी एकच. इतरांना प्रवेश मिळे तो मानाने किंवा मर्जीने. देवळातील उत्सवाला तिकीट नव्हते हे खरे, परंतु त्याच्या उंबरठ्यावर जातीची आडकाठी होती.

इंग्रजांनी १८०९ मध्ये येथे लष्करी छावणी वसविली आणि एका गावाची दोन गावे झाली. पेठेत वीणा आणि मृदंग; छावणीत पलटणींचे बँड. कब्बन पार्कातील बँडस्टँड ही त्या दुसऱ्या गावाची खूण आजही उभी आहे.

राजाश्रयाच्या जागी समाजाश्रय आणावा, हा विचार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पुण्यात १८७४ मध्ये ‘पूना गायन समाज’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याची शाखा मद्रासेस निघाली. बंगळूरचा ‘गायन समाज’ १९०५ चा. अशा संस्थांमुळे एका धन्याची जागा शेकडो वर्गणीदारांनी घेतली. सामान्य कारकुनाने खिशातून काढलेला रुपया कलावंताच्या बिदागीत जमा होऊ लागला. तिकीट म्हणजे केवळ अडसर नव्हे. मानमरातब नसलेल्या माणसाला सभेत हक्काने बसविणारी ती सनदही होती.

श्रोते वाढले, तसा नवा प्रश्न निर्माण झाला. शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचावा कसा? म्हैसूरचे व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांनी ध्वनिक्षेपक रूढ होण्यापूर्वीच आपल्या वाद्याला चाराऐवजी सात तारा चढविल्या, त्या याच गरजेपोटी. १९६७ मध्ये ते निवर्तले. १९८० मध्ये बंगळुरात त्यांच्या नावाने उभारलेल्या सभागृहाची इमारतच व्हायोलिनच्या आकाराची आहे. दूर बसलेल्या श्रोत्याची चिंता वाहणाऱ्या कलावंताचे याहून उचित स्मारक कोणते?

सभागृहाला भिंती असतात. मांडवाला त्या नसतात. चामराजपेठेत १९३९ पासून ‘श्रीरामसेवा मंडळी’ रामनवमीचा संगीतोत्सव साजरा करीत आली आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील तिच्या मांडवात कर्नाटक संगीताचे धुरंधर गायले, तसेच भीमसेन जोशीही गायले. मांडवात बसावयास तिकीट लागते. पण ध्वनिक्षेपक तिकीट तपासत नाही. रस्त्याने जाणाऱ्याच्या कानावरही स्वर पडतातच. आणि हा वाटसरू उपेक्षणीय नव्हे. भीमसेनांनाच बालपणी एका दुकानात वाजणाऱ्या अब्दुल करीम खाँच्या ध्वनिमुद्रिकेने वेड लावले, आणि गुरूच्या शोधात हा मुलगा आगगाडीने विनातिकीट भटकला. त्याच भीमसेनांनी पुढे १९५३ मध्ये पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला.

आता पॅलेस मैदानासारख्या विस्तीर्ण जागी जगभरचे वाद्यवृंद येतात. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’, २०११ मध्ये ‘मेटालिका’ येथे वाजून गेले. तिकिटाची खिडकी हातातील फोनमध्ये आली. रांगेत उभे राहण्याचे कष्ट गेले, पण रांगेतील ओळखही गेली. मोठ्या जलशाची तिकिटे बघता बघता संपतात आणि मागे राहिलेल्यास दुपटीतिपटीचे भाव ऐकावे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्लंडचा गायक एड शीरन आपल्या जलशासाठी येथे आला असता चर्च स्ट्रीटच्या पदपथावर वाटसरूंसाठी गाऊ लागला. परवानगीच्या प्रश्नावरून पोलिसांनी ते गाणे थांबविले. पदपथालाही नियम हवेत, यात शंका नाही. तथापि, दारावरच्या तपासनिसापलीकडे गाण्याला वाट उरली पाहिजे, हेही तितकेच खरे.

ही वाट याच प्रांताने एकदा दाखविली आहे. १९३५ मध्ये म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’; पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने धारण केले. तिकिटावर कलावंताचा संसार चालतो, म्हणून ते काढलेच पाहिजे. परंतु उद्याचा कलावंत आज मांडवात बसला आहे की कुंपणाबाहेर उभा आहे, हे कोणत्याही तिकिटावर छापलेले नसते.