मालवणी, 17 जून 2015 : छत्तीस तास

मुंबईत, मालाड पश्चिमेच्या मालवणीत, लक्ष्मीनगर वस्तीत, त्या बुधवारी रात्री गुत्त्यावरची दारू लोकांनी घेतली. तीत मिथेनॉल होतं. पुढच्या काही दिवसांत शंभराहून अधिक माणसं गेली. कोण किती प्यालं, पोटात काय होतं, यावर वेळा मागेपुढे होतात. काही जण तर गुरुवारीच गेले. पण शरीर ज्या क्रमाने कोसळतं तो क्रम साधारण ठरलेला आहे. पहिला घोट रात्री नऊचा धरू.

बुधवार, रात्री 9. मिथेनॉलला पचावं लागत नाही. जठर आणि लहान आतड्याच्या अस्तरातून ते सरळ रक्तात उतरतं आणि तासाभरात शरीरभर पोचतं. वास-चवीवरून संशय येत नाही. नशा नेहमीपेक्षा कमीच चढते, म्हणून आणखी एक ग्लास मागवला जातो.

रात्री 10 ते पहाटे 3. माणूस झोपलाय, यकृत जागं आहे. आलेल्या दारूचं विघटन करायचं हे त्याचं रोजचं काम, आणि आजही ते तेच करतं. त्याचं एक विकर मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करतं, दुसरं त्याचं लगेच फॉर्मिक आम्ल करतं. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नाही, ते घातक होतं यकृतात. या आम्लाचा पुढे निचरा व्हायला फोलेट लागतं, आणि माणसाच्या शरीरात ते काम फार संथ चालतं. रोज दारू पिणाऱ्याच्या अंगात फोलेट आधीच कमी. आम्ल साचत जातं.

गुरुवार, सकाळी 9. डोकं जड, थोडी मळमळ. घरचे म्हणतात, अजून उतरली नाही. या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळतात ते हेच तास, कारण माणूस वाचू शकतो ते आत्ता. यकृतातलं ते पहिलं विकर मिथेनॉलपेक्षा साध्या दारूतल्या इथेनॉलला कितीतरी आधी पकडतं. म्हणून रुग्णालयात मोजून इथेनॉल दिलं, किंवा फोमेपिझोल हे औषध दिलं, की आम्ल तयार होणं थांबतं आणि डायलिसिसने उरलेलं मिथेनॉल काढता येतं. पण रुग्णालयात जावं असं काही दुखतच नसतं. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो, आणि रक्तातलं बायकार्बोनेट येणारं आम्ल निमूटपणे शोषून घेत असतं. ही झीज बाहेरून दिसत नाही.

दुपारी 3. बायकार्बोनेट संपत आलं. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र आम्ल ओळखतं आणि श्वास खोल, भराभर चालू करतं. जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर, तितकं रक्त कमी आम्लधर्मी. पाहणाऱ्याला वाटतं धाप लागलीय. खरं तर फुप्फुसं मूत्रपिंडांची वेळ भरून काढतात. आम्ल लघवीवाटे टाकायला मूत्रपिंडांना दिवस लागतात, तेवढे दिवस हाताशी नाहीत. पोटात कळा, उलट्या.

रात्री 9. आता डोळे. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरणारं जे शेवटचं विकर असतं, तेच फॉर्मिक आम्ल अडवतं. श्वास चालू, रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशीला तो वापरता येत नाही. दृष्टिपटल आणि दृष्टीची नस यांची ऑक्सिजनची भूक फार मोठी, म्हणून ती आधी मरू लागतात. समोर पांढरं धुकं येतं, मग अंधार. बाहुल्या विस्फारतात आणि बॅटरीच्या उजेडालाही हलत नाहीत. शुद्ध मिथेनॉल 10 मिलीलिटर, म्हणजे दोन चमचे, एवढ्यानेही दृष्टी जाऊ शकते. बहुतेक जण रुग्णालय गाठतात ते इथे.

शुक्रवार, पहाटे 3. ऑक्सिजन वापरता न आल्याने पेशी लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्लात आम्लाची भर. सामू 7 च्या खाली गेला की हृदयाच्या स्नायूचं आकुंचन दुबळं पडतं, रक्तदाब घसरतो. मेंदूत खोलवर, हालचाली सांभाळणाऱ्या गाठींमध्ये रक्तस्राव होऊ शकतो. झटके, मग बेशुद्धी.

सकाळी 9. 19 जून, मुंबईत मुसळधार पाऊस. लोकल ठप्प, रस्ते पाण्याखाली. इतका वेळ श्वास वाढवणारं श्वसनकेंद्र स्वतःच मंदावतं. श्वास थांबतो, पाठोपाठ हृदय. त्या दिवशी उपनगरातल्या रुग्णालयांत मालवणीचे रुग्ण येतच होते. ज्यांना डायलिसिसवर घेता येतं त्यांच्या रक्तातलं मिथेनॉल आणि आम्ल दोन्ही काही तासांत उतरवता येतं. मेलेली दृष्टीची नस मात्र पुन्हा वाढत नाही, आणि वाचलेल्यांपैकी काही जण डोळे गमावून घरी गेले.